अकरा पानांचं लग्न आणि न गेलेले पाहुणे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते बाकीच्यांनाही कळेल. चार मित्रमैत्रिणींना तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळवताय, म्हणजे टेबलाभोवती बसून मिळून गोष्ट घडवायचा खेळ: खेळाडू आपापल्या पात्राचं ठरवतात, बाकीचं जग तुम्ही चालवता. पाचव्या सेशनसाठी तुम्ही जहागीरदाराच्या मुलाचं लग्न लिहिलंत. वाडा, पंगत, नवरदेवाच्या पेल्यात विष, तीन संशयित, अशी अकरा पानं झाली. खेळाडूंनी आमंत्रण वाचलं, "आपल्याला काय करायचंय लग्नात" म्हणाले आणि चोरट्या मालाच्या मागावर बंदराकडे निघून गेले. वीस मिनिटं तुम्ही कोरे. आता एक मित्र म्हणतो, तयारीच करू नकोस, सगळं ऐनवेळी सुचू दे. दुसरा म्हणतो, बंदराचीही अकरा पानं लिहून ठेवायला हवी होतीस.

दोघांचंही ऐकू नका. मी पुण्यात गेली बारा वर्षं खेळवतोय, बहुतेक रविवारी दुपारी, कुणाच्या तरी हॉलमध्ये. पहिली तीन वर्षं तुमच्यासारखी पानंच्या पानं लिहिली. मग त्याचा वीट येऊन एक अख्खी कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन्स चालणारी एकच गोष्ट, एक ओळही न लिहिता चालवली. पहिले सहा रविवार झकास गेले. सातव्याला एका खेळाडूने वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "राणी वारली असं तो भिक्षू म्हणाला होता, मग हे पत्र कुणाचं?" मला भिक्षू आठवत होता, त्याला दिलेला खोकलाही आठवत होता. राणीबद्दल आपण काय बोलून बसलो ते मात्र आठवेना. मी काहीतरी सारवासारव केली, पण कोड्याला उत्तरच नाही हे पाचही जणांना त्या क्षणी कळलं. त्यानंतर कुणी वही आणली नाही.

तेव्हापासून मी एवढंच पाळतो की टेबलावर बसल्या बसल्या जे मला सुचत नाही, ते घरून करून न्यायचं. संवाद मला सुचतात, त्यामुळे संवादाची ओळही मी लिहीत नाही. नावं सुचत नाहीत. घाईत माझ्या प्रत्येक सरायवाल्याचं नाव गॅरिक व्हायचं, आणि तिसऱ्या गॅरिकला टेबल खो खो हसायचं. म्हणून वीस नावं कागदाच्या कडेला लिहिलेली असतात, वापरलं की खोडायचं. कुणी कुणाला का फसवलं, म्हणजे एकमेकांत अडकलेली कारणं, हेही ऐनवेळी जमत नाही. जमल्यासारखं वाटतं, आणि तीन आठवड्यांनी राणी उभी राहते. तेही घरून.

तुमची यादी वेगळी निघेल. माझी एक मैत्रीण फार छान खेळवते. तिला नावं, स्वभाव, भांडणं सगळं धडाधड सुचतं, पण लढाई सुरू झाली की ती गोंधळते. म्हणून ती प्रत्येक मॉन्स्टरचे आकडे आणि पहिल्या फेरीत तो काय करणार हे कार्डांवर लिहून आणते, बाकी काही नाही. पुढची दोन-तीन सेशन्स झाल्यावर घरी जाता जाता फक्त एवढं टिपून ठेवा: आज मी कुठे अडकलो? ती तुमच्या तयारीची यादी. मी सांगितलेल्या कुठल्याही यादीपेक्षा ती जास्त कामाची.

आपल्या तमाशात हे फार पूर्वीपासून असंच चालत आलंय. पारंपरिक वगाचे संवाद लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा सगळ्यांना माहीत, बोलणं रंगमंचावर सुचेल तसं. पण लावणीची चाल आणि ढोलकीचा ठेका कुणी तिथे उभ्या उभ्या शोधत बसत नव्हतं, ते बसवलेलं असे.

हा वाद आपल्या छंदाच्या जन्माइतकाच जुना आहे, आणि जन्माची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतोच. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत डेव्हिड वेझली नावाच्या वॉरगेमरने (टेबलावर लढाया मांडून खेळणाऱ्याने) नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं, ब्राउनस्टाइन. दोन सैन्यं गावाकडे येताहेत असा प्रसंग. माणसं जास्त झाली म्हणून त्याने कुणाला नगराध्यक्ष केलं, कुणाला सावकार, कुणाला विद्यापीठाचा कुलगुरू, आणि प्रत्येकाला स्वतःचा काहीतरी हेतू दिला. बेत असा, की एकेकाने आत यायचं आणि आपली चाल सांगायची. तो एकाशी बोलत असताना बाहेर बाकीच्यांची आपापसात कारस्थानं सुरू. दोघे येऊन सांगतात, आमचं द्वंद्व ठरलंय. द्वंद्वाचे नियमच नव्हते. त्याने तिथल्या तिथे काहीतरी ठरवून दिलं. रात्री त्याला वाटलं, खेळ पार फसला. खेळाडू मात्र विचारत होते, पुढचा कधी? पुढच्या खेपेला त्याने लगाम आवळून पाहिले तर रंग गेला. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. त्याने यातूनच ब्लॅकमूर नावाचं आपलं जग उभं केलं आणि गॅरी गायगॅक्ससोबत 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणलं.

ही गोष्ट बहुतेक जण "बघा, बेत फसला आणि मजा आली" म्हणून सांगतात. मला ती अर्धवट वाटते. वेझलीचा जो बेत फसला तो रांगेचा होता: आधी हा येईल, मग तो येईल. सावकाराला काय हवंय आणि कुलगुरूला काय हवंय ही तयारी फसली नाही. तीच तर बाहेरच्या खोलीत धुमाकूळ घालत होती.

तुमच्या अकरा पानांत रांग आहे. आधी स्वागत, मग पंगत, मग शुभेच्छांचे पेले, मग विष, मग किंकाळी. यातलं प्रत्येक पान आधीचं पान घडलं तरच उपयोगी पडतं, आणि पहिल्या पानाला खेळाडूंनी लग्नाला यावं लागतं. एक खिळा निखळला की अख्खी माळ खाली.

तुम्ही सुरुवात ज्या स्टार्टर सेटने केली म्हणालात, त्या 2014 च्या सेटमधल्या 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' या तयार छापील गोष्टीत दोन्ही प्रकार एकाच पुस्तकात शेजारी शेजारी सापडतात. पहिला भाग रांगेचा. मालाची गाडी घेऊन निघा, रस्त्यात दोन मेलेले घोडे, झुडपात चार गॉब्लिन (बुटके राक्षस), मग त्यांच्या गुहेकडे जाणारी पायवाट. खेळाडू पायवाट सोडून सरळ गावाला निघाले की नव्या डीएमला, म्हणजे खेळवणाऱ्याला, घाम फुटतो. मलाही फुटला होता. दुसरा भाग फँडॅलिन गाव. लाल झग्यातल्या रेडब्रँड गुंडांनी गाव वेठीस धरलंय, आणि जो भेटेल त्याला काहीतरी हवंय. गावप्रमुखाला वायव्हर्न टॉरवरचे ऑर्क हाकलून हवेत. बागवाल्या डॅरन एडरमॅथला जुन्या आउल वेलपाशी काय चाललंय ते कळायला हवंय. सिस्टर गॅरेलला अगाथा नावाच्या बॅन्शीकडून, म्हणजे एका बाईच्या भुताकडून, एका प्रश्नाचं उत्तर हवंय. हॅलिया थॉर्नटनला गुंडांचा म्होरक्या दूर झालेला हवाय, कारण ती जागा तिला स्वतःला हवी आहे. हे गाव मी चार वेगवेगळ्या गटांना खेळवलं. एका गटाने हॅलियाशी हातमिळवणी केली, एकाने तिला पकडून दिलं, एक गट तिला भेटलाच नाही. चारही खेपेला माझा कागद तोच होता.

म्हणजे बंदरासाठी तुम्हाला अकरा पानं लागणार नव्हती, पाच ओळी लागणार होत्या. जकात नाक्यावरचा कारकून मुलीच्या लग्नासाठी लाच घेतो आणि नव्या अधिकाऱ्याला टरकून आहे. पावसाळा लागायच्या आत शेवटची खेप काढायची म्हणून एक तांडेल उतावीळ झालाय. गोदामाच्या मालकिणीला आपल्या गोदामात काय आहे ते माहीत नाही, पण संशय आहे. नवा अधिकारी स्वच्छ आहे आणि म्हणून एकटा आहे. पाचवी ओळ, हे सगळं आपापल्या वाटेने चाललं आणि खेळाडू आलेच नाहीत तर काय होईल: चौथ्या रात्री अधिकाऱ्याचं प्रेत भरतीबरोबर वर येईल. ही पाचवी ओळ मी कधीच गाळत नाही. कागदावर सहा खणांचं एक वर्तुळ काढतो आणि खेळाडूंनी वेळ दवडला की एक खण काळा करतो. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'सारख्या खेळांमुळे ही घड्याळं आता बऱ्याच टेबलांवर दिसतात. सहावा खण भरला की प्रेत. त्यात माझी लहर नाही आणि त्यांच्यावरचा रागही नाही.

रहस्यांचं थोडं वेगळं, आणि लग्नातल्या विषासाठी तुम्हाला ते लागेल. गुन्हेगार ठरवायचा, आणि एकदा ठरवला की हलवायचा नाही. खेळाडूंचा तर्क तुमच्यापेक्षा सुंदर निघाला म्हणून मनातल्या मनात गुन्हेगार बदलायचा मोह होतो. मी तो केलाय, आणि टाळ्याही मिळाल्या. पण मग आधीच्या तीन सेशनमध्ये त्यांनी जपून गोळा केलेले पुरावे खोटे ठरले, फक्त त्यांना ते कळलं नाही. मला कळलं होतं. तो शेवट आठवला की अजून ओशाळल्यासारखं होतं.

गुन्हेगार पक्का ठेवा. पुरावे कुठे सापडतील ते मात्र मोकळं सोडा. जस्टिन अलेक्झांडर या लेखकाचा एक प्रसिद्ध नियम आहे: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्याच्याकडे नेणारे किमान तीन धागे ठेवा. हिशेब साधा आहे. एखादा धागा हातून सुटण्याची शक्यता निम्मी धरली तर एकच धागा असताना दोनात एकदा गाडी अडते. तीन असताना तिन्ही सुटण्याची शक्यता आठात एक. माइक शे या दुसऱ्या लेखकाची त्याला छान जोड आहे: दर सेशनला दहा गुपितं लिहायची, प्रत्येकी एका वाक्यात, पण ती कोण सांगणार हे लिहायचं नाही. "नवरदेवाच्या काकाने महिन्यापूर्वी वैदूकडून काहीतरी विकत घेतलं" हे वाक्य वाड्यातली दासी सांगू शकते, बंदरावरचा दारुडाही सांगू शकतो. खेळाडू बंदराकडे गेले तर गुपितही त्यांच्यामागे बंदराकडे जातं. दहातली चार-पाच वापरली जातात. उरलेली मी पुढच्या कागदावर उतरवतो किंवा सरळ टाकून देतो.

इथे कुणीतरी म्हणेल, मग लग्नातलं विष उचलून बंदरावर का ठेवू नये? पेल्याऐवजी ताडीचं मडकं. याला मंडळी क्वांटम ऑगर म्हणतात (ऑगर म्हणजे एक धिप्पाड राक्षस): डावीकडे जा की उजवीकडे, ऑगर तोच भेटणार. खेळाडूंनी आंधळेपणाने रस्ता निवडला असेल तर मला त्यात गैर वाटत नाही, त्यांनी काही गमावलेलं नसतं. पण त्यांनी चौकशी केली, पैसे देऊन नकाशा मिळवला, ऑगर टाळायचा म्हणून मुद्दाम लांबचा घाट धरला, आणि तरी तोच ऑगर समोर आला, तर चौकशी आणि नकाशा दोन्ही फुकट. तुमच्या खेळाडूंनी लग्न विचार करून नाकारलंय. त्यांच्या पाठोपाठ लग्न बंदरावर नेऊ नका.

सुचायचं कसं, यावर मी कमी बोलणार आहे, कारण ते खेळवून खेळवूनच येतं. एक जुनी क्लृप्ती मात्र नव्या लोकांना माहीत नसते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सुरुवातीच्या नियमांत कुणीही अनोळखी भेटलं की दोन साधे फासे टाकून त्याचा पवित्रा ठरवत. दोन आले तर सरळ हल्ला, बारा आले तर गळ्यात गळा, आणि मधल्या आकड्यांना संशय, सावधपणा, बोलणी. दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांत सातची बेरीज सहा जोड्यांत येते, दोन आणि बारा प्रत्येकी एकाच जोडीत. त्यामुळे बहुतेक वेळा समोरचा नुसताच बुचकळ्यात पडलेला असतो, म्हणजे खेळाडूंच्या बोलण्याला वाव राहतो. मी हे अजून करतो. एकदा गोदामाच्या पहारेकऱ्यावर अकरा आले. झुंज होणार असं सगळे धरून बसलेले, आणि त्याने विचारलं, "जेवलात का?" का विचारलं ते मलाही ठाऊक नव्हतं. फासे म्हणाले मित्र, मग मी कारण शोधलं: तो मालकिणीचा भाऊ, आणि त्याला कुणालातरी सगळं सांगून टाकायचं होतं. मी एकटा असतो तर त्याला भाला दिला असता. मला स्वतःला काय सुचतं ते मला आता पाठ झालंय. फाशांमुळे मीही चकतो.

मराठीत खेळवत असाल तर एक गंमत इंग्रजी पुस्तकांत कुठेच सापडणार नाही. इंग्रजीत दरवानही "यू" म्हणतो आणि सरदारही. आपल्याकडे एनपीसीने, म्हणजे खेळवणारा ज्याच्या वतीने बोलतो त्या पात्राने, तोंड उघडल्याबरोबर ठरवावं लागतं: अरे, अहो, की आपण? सुरुवातीला मी इथे अडखळायचो. आता तेच माझं सर्वांत मोठं भांडवल आहे. जहागीरदार आपल्या पाहुण्यांना अहो-जाहो करतो आणि चौघांतल्या एकीलाच "तू" म्हणतो, एवढ्याने टेबल सावरून बसतं. हिला हा आधीपासून ओळखतो का? मी काहीच ठरवलेलं नसतं. ती खेळाडूच म्हणते, "हो, मी लहानपणी याच्याच वाड्यात होते." घ्या, कागदावर उतरवा. एक पथ्य पाळा. प्रत्येक चोराला आणि नोकराला मालवणी किंवा वऱ्हाडी आणि प्रत्येक राजाला पुण्याची प्रमाणभाषा, असं नकळत होतं. माझ्या टेबलावरच्या नागपूरच्या मित्राने ते मला एकदा चांगलंच सुनावलं. आता आमचा एक राजपुरोहित खणखणीत वऱ्हाडी बोलतो आणि त्याला फसवणं कुणालाच जमलेलं नाही.

उतरवा म्हटलं ते शब्दशः घ्या. ऐनवेळी बोललेलं लिहिलं नाही तर पुन्हा राणी. मी समोर एक कोरा कागद ठेवतो आणि तोंडातून गेलेलं प्रत्येक नाव, आकडा, वचन त्यावर टाकतो. एका रविवारी खाडी ओलांडायला कुणीतरी हवं म्हणून मी धाकू तांडेल उभा केला, दोन मिनिटांसाठी. भाडं विचारल्यावर तो म्हणाला, "पैसा नको, परत याल तेव्हा माझ्या भावाची खबर आणा." भाऊ कोण, मला काय माहीत! लिहून ठेवलं. घरी गेल्यावर त्या भावाला मी आधीच ठरवलेल्या तुरुंगात टाकलं, आणि पुढचे पाच महिने कॅम्पेन त्या भावाभोवती फिरली. ज्या सरंजामी कटावर मी दोन शनिवार घालवले होते तो अजून फायलीत पडलाय. अशा वेळी ऐनवेळी सुचलेलं कुठे संपलं आणि तयारी कुठे सुरू झाली हे मला सांगता येत नाही. रविवारी सुचलेल्याची सोमवारी तयारी झाली, एवढंच.

अडकलात तर सांगून टाका: "हे मला अपेक्षित नव्हतं, दहा मिनिटं द्या, चहा टाका." वीस मिनिटं खेळत असल्याचं सोंग करण्यापेक्षा ते बरं. खेळाडूंना त्याचा अभिमानच वाटतो. आणि सेशन संपताना, पिशव्या आवरायच्या आधी, विचारा: "पुढच्या वेळी कुठे जाणार?" एवढ्या एका प्रश्नाने माझी निम्मी तयारी वाचली. पाचव्या सेशनच्या आधी तुम्ही तो विचारला असतात तर लग्नाची पानं लिहिलीच नसतीत.

हे सगळं डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी. तिथे लढाईला आकडे लागतात, ते पुस्तकातून आधी काढून ठेवावेच लागतात. 'कॉल ऑफ क्थुलू'सारख्या तपासाच्या खेळात गुपितांची तयारी दुप्पट लागते. 'फियास्को'मध्ये तर खेळवणाराच नसतो, टेबलावर बसून फासे टाकायचे आणि तिथेच सगळं. "तयारीच करू नकोस" म्हणणारा तुमचा मित्र कुठला खेळ खेळतो ते एकदा विचारून घ्या.

राहिलं लग्न. पानं टाकू नका. प्रसंग कापून टाका आणि माणसं ठेवा: काका, वैदू, नवरी, जहागीरदार, प्रत्येकाला काय हवं होतं ती एकेक ओळ. मग त्यांना तुमच्या खेळाडूंशिवाय ते लग्न पार पाडू द्या. काकाला अडवणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणजे नवरदेव मेला. सहावं सेशन बंदरावरच सुरू करा, खेळाडू जिथे आहेत तिथे. घाटावर दवंडी पिटतेय, वाड्याचे स्वार प्रत्येक होडी तपासताहेत. आमंत्रितांच्या यादीत चौघांची नावं होती, आणि त्या रात्री पंगतीत चारच पानं रिकामी राहिली होती.